तापाची वंशावळ

लीलाधर झोपे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी कुमुदताई अत्तरदे यांच्या दारात आपली विजेवरची मोटारसायकल उभी करायचा. सहा वर्षं झाली, हा नेम एकदाही चुकला नव्हता. लीलाधर ठिबकचा मिस्त्री. सावदा, फैजपूर, चिनावल या पट्ट्यातल्या केळीच्या बागांत नळ्या अंथरायच्या, चोंदलेल्या तोट्या मोकळ्या करायच्या, हे त्याचं काम. त्यामुळे आल्या आल्या तो आधी घरामागच्या मोटरीकडे जायचा, मग मोरीतल्या नळाकडे, आणि दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही की थोडा हिरमुसून पुढच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर टेकायचा.

"नीट बसा हो भाऊ."

"बसलो ना ताई."

पण नीट तो कधीच बसला नाही. समोरच्या भिंतीवर निशिगंधाचा फोटो होता. चहा पिताना लीलाधर त्याच्याकडे बघत नसे आणि निघताना मात्र त्याच्यासमोर हात जोडून इतका वेळ उभा राही की कुमुदताईंनाच अवघडल्यासारखं होई.

निशिगंधा ही कुमुदताईंची एकुलती एक मुलगी. वडील ती शाळेत असतानाच गेले. कुमुदताईंनी शिवणक्लास चालवून तिला वाढवलं, बी.एड. केलं. ती शाळेत विज्ञान शिकवू लागली आणि तिसऱ्याच वर्षी कोरड्या तापाची साथ आली. शाळा बंद पडल्या. कोविडच्या वेळी माणसं एकेकटी गेली, त्याची चुटपुट लोकांच्या मनात राहिली होती; म्हणून या खेपेला गावोगाव 'सोबती' नेमले गेले. बिनपगारी, स्वखुशीने आलेली तरुण मुलं. त्यांनी उपचार करायचे नाहीत, फक्त रुग्णापाशी बसायचं. पाणी पाजायचं, घरच्यांशी फोनवर बोलणं करून द्यायचं, घाबरलेल्याचा हात धरायचा. सावद्याचं केंद्र एका मंगल कार्यालयात होतं. निशिगंधा तिथली पहिली सोबती. सव्वीस वर्षांची होती. साथ ओसरायला तीन आठवडे राहिले असताना ती गेली.

त्याच केंद्रात लीलाधर मोठ्या हॉलमध्ये ऑक्सिजनवर होता. तो वाचला. त्याची बायको मंगला त्याच्याबरोबर आली होती. तिची तपासणी चांगली निघाली होती, म्हणून तिला वधूपक्षाच्या खोल्यांमध्ये नुसतं देखरेखीखाली ठेवलं होतं. पाचव्या दिवशी तिलाही ताप चढला आणि ती गेली.

साथीनंतर पहिल्यांदा दारात आला तेव्हाच लीलाधरनं सांगून टाकलं होतं.

"ताई, निशिताईंना माझ्यामुळे झालं. मला श्वास घेता येईना तेव्हा मी तोंडावरचा मास्क ओढून टाकला होता. त्यांनी वाकून परत लावला, आणि मी त्यांच्या तोंडावरच खोकलो. त्यांच्या चष्म्यावर थुंकी उडालेली मला दिसली. मंगलालाही मीच दिलं. दोघीही माझ्यामुळे गेल्या."

"असं कुणामुळे नसतं हो," कुमुदताई तेव्हा म्हणाल्या होत्या. नंतरही दरवेळी म्हणायच्या. आणि दरवेळी, तो रडत असताना, त्यांना आत कुठेतरी हलकं वाटायचं. त्या हलकं वाटण्याची त्यांना इतकी लाज वाटे की तो गेल्यावर त्या देवापुढेही बसत नसत.

कारण एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. निशिगंधाला ताप आला त्याच्या तीन दिवस आधी, त्या वरणाला फोडणी देत होत्या आणि त्यांना हिंगाचा वास आला नाही. डबीत नाक घालून बघितलं, तरी नाही. ताप नव्हता, खोकला नव्हता, दुसरं काही म्हणता काही नव्हतं. त्या दिवसांत त्याही शिवणक्लासच्या सात-आठ बायकांबरोबर केंद्रासाठी गाऊन आणि मास्क शिवायला समाजमंदिरात जात होत्या. वास जाणं म्हणजे काय हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत झालं होतं. पण निशिगंधाला सांगितलं असतं तर घरातला ताप केंद्रात जायला नको म्हणून ती त्याच क्षणी पिशवी भरून केंद्रावर राहायला गेली असती. मग मागे घरात आपण एकटीनं जेवायचं, एकटीनं झोपायचं, बाहेर रुग्णवाहिकांचे आवाज ऐकत. कुमुदताई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी वास परत आला आणि त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. चौथ्या दिवशी मुलीला ताप चढला.

त्या रविवारी लीलाधर मोटरीकडे गेला नाही. सरळ आत आला आणि खिशातून जळगावहून आलेला, घडी घातलेला कागद काढला.

"ताई, तापाची वंशावळ तयार झाली आपल्या जिल्ह्याची, कुणाचा ताप कुणाकडे गेला त्याची. मी रक्त दिलं होतं, तुम्हीही दिलं होतं. आता गेलेल्या माणसाचं पान त्याच्या घरच्यांना बघता येतं. निशिताईंचं पान तुम्हीच उघडू शकता." त्यानं कागद पुढे केला. "तेवढं बघा ना. माझं नाव आहे का तेवढं."

"कशाला आता?"

"परवा नगरपालिकेतून बोलावणं आलं. दक्षिणेत पुन्हा ताप दिसतोय म्हणतात, नवीन सोबती भरती करणार आहेत. मला म्हणाले, तू केंद्रात महिनाभर होतास, पोरांना रुग्णाच्या बाजूनं शिकव. मी नाही म्हटलं. ज्या माणसामुळे सोबती मेली त्यानं कसं शिकवायचं? एकदा कागदावर आलं की मला... निदान नक्की तरी होईल."

कुमुदताईंनी कागद घेतला. रक्त त्यांनी दिलं होतं ते शेजारणी देत होत्या म्हणून, नाही कसं म्हणायचं म्हणून. हे असं दारात येऊन उभं राहील असं तेव्हा वाटलं नव्हतं.

"बघते," त्या म्हणाल्या.

जळगावच्या वंशावळ केंद्रात त्यांच्यासमोर बसलेली डॉक्टर ऋजुता वायकोळे जेमतेम बत्तीस वर्षांची होती. निशिगंधा असती तर एवढीच असती, हे कुमुदताईंच्या मनात आलं आणि त्यांनी नजर टेबलावर वळवली.

"मावशी, आधी हे कसं काढतात ते सांगू का? लोकांना वाटतं मशीन ज्योतिष सांगतं."

"सांग."

"विषाणू शरीरात शिरला की स्वतःच्या नकला काढत सुटतो. समजा तुम्हाला एकच अर्ज हातानं हजार वेळा उतरवून काढायला बसवलं, तर कुठे एखादी वेलांटी सुटेल, कुठे मात्रा जास्त पडेल. विषाणूचंही तसंच. प्रत्येक माणसाच्या अंगात त्याच्या चुकांचं एक वेगळं मिश्रण तयार होतं. तो पुढच्या माणसाकडे जातो तेव्हा त्या मिश्रणातली चिमूटभर बरोबर नेतो. साथीत घशातून घेतलेले नमुने आम्ही गोठवून ठेवलेत. ते बारकाईनं वाचले की कुणाची चिमूट कुणाकडे गेली ते कळतं."

"पण माझा नमुना कुणी घेतलाच नव्हता," कुमुदताई म्हणाल्या.

"त्यासाठी तर रक्त लागतं. हे गेल्या दोन वर्षांत जमायला लागलं. ताप येऊन गेला की रक्तातल्या काही पेशी त्या विषाणूचं माप आयुष्यभर जपून ठेवतात. पुन्हा आला तर ओळखता यावा म्हणून."

"म्हणजे शिवणातल्या मापाचं पेपर कटिंग," कुमुदताई म्हणाल्या. "बाई दहा वर्षांपूर्वी येऊन गेलेली असते, पण कागद काढला की कळतं, तिचा खांदा उतरता होता."

ऋजुतानं मान डोलावली. "अगदी तसंच. तुमच्या रक्तातल्या लाखो पेशींतली अशी मापं मशीन वाचतं, आणि तुमच्या अंगात होता तो विषाणू नेमका कसा होता ते उलटं काढतं. मग तो वंशावळीच्या झाडावर कुठे बसतो ते शोधतं. हे सगळं केलं ते रुग्णालयं, शाळा, कार्यालयं कशी बांधावीत, हवा कशी खेळवावी हे कळायला. पुढच्या साथीसाठी. पण लोकांना नावंच हवी असतात." तिनं समोरच्या पडद्यावर हात ठेवला. "सुरुवातीला नावं सरळ द्यायचे. एका घरात दोन भाऊ वेगळे झाले. कुठे एक सून माहेरी निघून गेली. आता कायदा बदललाय. तुम्ही फक्त एक पायरी मागची आणि एक पायरी पुढची बघू शकता. आणि आपलं किंवा आपल्या गेलेल्या माणसाचं नाव दुसऱ्याला कळू द्यायचं की नाही, हे ज्याचं तो ठरवतो. तुम्ही नको म्हणालात तर ते कुणाला कधीच कळणार नाही."

"आणि बघायचंच नाही म्हटलं तर?"

"तर उठा, मी चहा मागवते, गप्पा मारू आणि तुम्ही घरी जा. बरेच जण तसं करतात. मी कुणाला वाईट म्हणत नाही."

कुमुदताईंना लीलाधरचं खुर्चीच्या कडेवर बसणं आठवलं. त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

पानावर निशिगंधाचं नाव मध्यभागी होतं. वरून एक रेघ येत होती आणि खाली एक जात होती. वरच्या टोकाला लिहिलं होतं: कुमुद अत्तरदे, खात्री शहाण्णव टक्के. खालच्या टोकाला होतं: मंगला झोपे, खात्री त्र्याण्णव टक्के.

लीलाधरचं नाव कुठेच नव्हतं.

"मावशी," ऋजुता हळू म्हणाली, "हा निकाल नाहीये. मशीन फक्त वाट दाखवतं. दोष कुणाचा हे त्याला विचारलेलं नाही, ते सांगतही नाही."

"मला माहीत होतं गं," कुमुदताई म्हणाल्या. त्यांना वाटलं होतं आपण कोसळू. पण झालं एवढंच की हात एकदम गार पडले. "वरची रेघ मला माहीतच होती. खालची नव्हती. ती मंगलाला रोज दोनदा चहा नेऊन द्यायची. नवरा कसा आहे ते सांगायला जायची. घरी येऊन मला सांगायची, ती बाई फार घाबरते गं आई, तिच्यापाशी जरा जास्त बसावं लागतं."

ऋजुता उठून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली, आणि त्यांचा गार हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ तशीच बसून राहिली.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी लीलाधर आला तेव्हा कुमुदताईंनी ठरवलेलं वाक्य घाईघाईनं म्हणून टाकलं.

"भाऊ, निशीच्या पानावर तुमचं नाव नाही. तुमच्याकडून तिला झालेलं नाही."

लीलाधर उभाच राहिला. मग भिंतीला धरून हळूहळू खाली बसला, फरशीवर, आणि लहान मुलासारखा रडला. कुमुदताईंनी त्याला पाणी दिलं. तो अर्धं प्यायला, अर्धं सांडलं.

"नक्की ना ताई?"

"नक्की."

"मग कुणाचं..." त्यानं विचारलं, आणि लगेच मान हलवली. "नको. मला काय करायचंय? त्या बिचाऱ्याच्या जिवाला कशाला घोर." त्यानं डोळे पुसले. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यानं निशिगंधाच्या फोटोकडे सरळ बघितलं. "एकीचं तरी उतरलं. आता मंगलाचं तेवढं राहिलं. ते तर माझंच आहे. एका घरात, एका ताटात जेवणारी माणसं. त्याला कागद कशाला लागतो?"

तो गेला. जाताना गाडी सुरू करायची विसरून काही पावलं तशीच ढकलत नेली त्यानं, आणि मग स्वतःशीच हसून तिच्यावर बसला.

कुमुदताई दारात उभ्या राहिल्या. आपण त्याचं निम्मं ओझं उतरवलं असं त्याला वाटत होतं. खरं म्हणजे उरलेलं निम्मंही त्याचं नव्हतं, आणि ते उतरवायचं तर त्याला सांगावं लागणार होतं की ज्या मुलीपुढे तू सहा वर्षं हात जोडतोस तिनंच तुझ्या बायकोला ताप दिला. आणि त्या मुलीला मी दिला. आणि मला ठाऊक होतं. न सांगितलं तर निशीचं नाव तेवढंच उजळ राहील. नगरपालिकेच्या सभागृहात तिचा फोटो आहे, दरवर्षी सोबती दिनाला त्याला हार घालतात, आपल्याला शाल-श्रीफळ देतात. तो माणूस मात्र मरेपर्यंत बायकोचा जीव घेतल्यासारखा जगेल.

हे त्यांनी आठ दिवस मनात घोळवलं. नवव्या दिवशी त्यांनी चिनावलची बस पकडली.

लीलाधर गावाबाहेरच्या एका बागेत ठिबकच्या टाकीपाशी गाळण्या धूत होता. केळीच्या घडांना निळ्या पिशव्या चढवलेल्या होत्या. आत सावली होती, ओलसर गारवा होता. कुमुदताई कधी आपल्या कामावर येतील असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तो गडबडून उठला, गोणपाट झटकून त्यांना बसायला दिलं.

"काय झालं ताई? मोटर जळली का?"

"नाही. बसा. आधी माझं सगळं ऐकून घ्या, मग बोला."

त्यांनी सांगितलं. क्रमानं सांगितलं, काही वगळलं नाही. फोडणी सांगितली, हिंगाची डबी सांगितली, दोन दिवस सांगितले. मग वरची रेघ, खालची रेघ. सांगताना त्या त्याच्या हातातल्या गाळणीकडे बघत होत्या. पाणी गळून गळून ती कोरडी झाली तरी त्यानं ती खाली ठेवली नव्हती.

"मंगलाला निशिताईंकडून?" तो शेवटी म्हणाला.

"हो."

"माझ्याकडून नाही?"

"नाही. तुमच्याकडून दोघींपैकी कुणालाच नाही."

"आणि तुम्हाला तेव्हाच माहीत होतं. वास गेलेला."

"हो."

त्यानं गाळणी खाली ठेवली. बागेच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी घड कापत होतं, त्याचा खसखस आवाज येत होता.

"सहा वर्षं मी तुमच्या दारात येऊन रडलो ताई," लीलाधर म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट अगदी बसला होता. "मी म्हणायचो, मी मारलं. आणि तुम्ही मला चहा द्यायचात."

कुमुदताई गोणपाटावरून उठल्या. माफी मागायची असं त्या घरून ठरवून आल्या होत्या. पण तो शब्द इतका तोकडा वाटला की तोंडातून निघेना.

"साडेबाराची बस आहे," तो उठत म्हणाला. "पुढची थेट चारला. उशीर करू नका." आणि तो वळून केळीच्या ओळींमध्ये आत आत निघून गेला.

पुढच्या महिन्यात पहिला रविवार आला आणि गेला. त्याच्या पुढचाही. कुमुदताई दोन्ही रविवारी दार उघडं ठेवून बसल्या. आपण केलं ते बरोबर केलं, असं त्यांना वाटत नव्हतं आणि चूक केली असंही नाही. जळगावहून ऋजुताचा अधूनमधून फोन यायचा. "जेवलात का मावशी?" एवढंच ती विचारायची. दर वेळी त्या हो म्हणायच्या, बऱ्याचदा ते खोटं असायचं.

सोबती दिनाचं निमंत्रण आलं. कुमुदताईंनी नगरपालिकेत फोन करून तब्येत बरी नसल्याचं कळवलं. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, लीलाधर आला.

तो वाळला होता. दाढी वाढली होती. आत येऊन तो खुर्चीवर बसला, पूर्ण मागे टेकून, थकल्यासारखा.

"मी मंगलाचं पान उघडलं," तो म्हणाला. "तुम्ही निशिताईंचं नाव दाखवायला परवानगी देऊन ठेवली होती ना, ते दिसलं. मग माझंही उघडलं. मला कुणाकडून आला माहितीये? यादव तायडेकडून. टेम्पोवाला यादव."

"तो गेला ना साथीत?"

"गेला. त्याची बायको आमच्याच गल्लीत राहते, तिनंही नाव दाखवायला होकार दिला होता. मी पान बघितलं आणि असा राग आला ताई, की वाटलं जाऊन तिच्या दारात ओरडावं. तुझ्या नवऱ्यानं आणला आमच्या घरात. आणि मग आठवलं, मला त्यानं दिला कधी?" लीलाधर खुर्चीत पुढे सरकला. "मला त्या दिवशी उभं राहता येत नव्हतं. रुग्णवाहिका येईना. गल्लीतलं एक माणूस जवळ आलं नाही. यादवनं मला उचलून टेम्पोत पुढे बसवलं, पाऊस होता म्हणून काचा बंद केल्या, आणि केंद्रावर आणलं. हे मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलोय, यादवनं मला वाचवलं म्हणून. पण त्या दिवशी अंगात होता तो ताप वेगळाच निघाला, साधा मलेरिया होता असं जळगावचे डॉक्टर म्हणतात. कोरडा ताप त्या टेम्पोत मिळाला. म्हणजे ज्या वेळात त्यानं मला वाचवलं त्याच वेळात दिला. आता मी त्याच्या बायकोला काय सांगू? काय ओरडू?"

कुमुदताईंनी त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

"मंगला गेली तेव्हा मी तिच्यापासून चाळीस पावलांवर होतो. उठता येत नव्हतं. निशिताईंना तोवर स्वतःला ताप होता, त्यांना मंगलाच्या शेजारच्याच खाटेवर टाकलं होतं. सिस्टर मला नंतर सांगत होत्या, त्यांनी मंगलाचा हात शेवटपर्यंत सोडला नाही. सोडवावा लागला. मी तुम्हाला हे कधी सांगितलं नाही, तुम्हाला त्रास होईल म्हणून."

हे कुमुदताईंना खरोखरच माहीत नव्हतं. त्यांनी पदर तोंडाशी नेला.

"एक विचारू? त्या दोन दिवसांत का नाही बोललात?"

"ती केंद्रावर राहायला गेली असती," कुमुदताई म्हणाल्या. "मला एकटीला भीती वाटत होती. दुसरं काही नाही भाऊ. मोठं कारण असतं तर बरं झालं असतं."

लीलाधरनं मान हलवली. दोघांचेही डोळे भरून येत होते आणि दोघंही ते पुसत होते, एकमेकांकडे न बघता.

"राग आहे माझा," तो म्हणाला. "खोटं नाही सांगत. कधी जाईल माहीत नाही. पण न येऊन तो जात नाही, हे दोन महिन्यांत बघितलं."

"मग येत जा. रागावायला या."

तो किंचित हसला. मग म्हणाला, "उद्या येणार नाही म्हणालात तिथे."

"ती शाल कुठल्या तोंडानं घेऊ?"

"शाल नका घेऊ. पण मला बागेत सांगितलंत ते तिथे सांगा. नवीन पोरं भरती झालीत, तीस जण. मी उद्यापासून त्यांना शिकवायला हो म्हटलंय. रुग्णापाशी कसं बसायचं ते मी सांगीन. त्यांच्या घरच्यांना कोण सांगणार?"

सभागृह भरलेलं होतं. नगराध्यक्ष शाल घेऊन पुढे आले तेव्हा कुमुदताईंनी हात जोडून नको म्हटलं आणि माईक मागितला. भाषण त्यांना येत नव्हतं. क्लासमध्ये मुलींना बाही कशी जोडायची ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

"माझ्या मुलीला ताप माझ्याकडून आला. मला लक्षण कळलं होतं आणि मी लपवलं. तिच्याकडून तो आणखी एका बाईकडे गेला. दोघी गेल्या. तिनं केलं ते तुम्ही आठवता, आठवत राहा. पण मी केलं तेही आठवा, कारण तुमच्या घरी माझ्यासारखं कुणीतरी असणार."

सभागृहात चुळबूळ झाली. मागून कुणीतरी म्हणालं, आता हे कशाला उकरायचं. पुढच्या ओळीतले एक गृहस्थ उठून बाहेर गेले. नगराध्यक्ष शाल हातात घेऊन तसेच उभे होते, ती कुठे ठेवावी त्यांना कळत नव्हतं. तरी कुमुदताईंनी बोलणं पुरं केलं.

"घरचं माणूस एकटं पडायला नको. तेवढं बघा."

त्या खाली उतरल्या तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत. लीलाधरनं आपल्या शेजारची खुर्ची ओढून दिली.

कार्यक्रम संपला. लोक चहाकडे पांगले. एक पन्नाशीची बाई, हातात जेवणाचा डबा, थोडी लांब उभी राहून कुमुदताईंकडे बघत होती. मग धीर करून जवळ आली.

"मी खिरोद्याहून आले. माझी पोरगी घेतलीय सोबतीत. घरी आम्ही दोघीच." ती घुटमळली. "खरं सांगू का ताई? मला काही झालं ना, तर मीपण तिला सांगणार नाही बहुतेक. ती केंद्रावर राहायला गेली तर घर खायला उठेल."

कुमुदताईंनी तिला बाजूच्या खुर्चीवर बसवलं.

"मग तिला सांगायच्या आधी मला सांगा. मी येईन. ओसरीवर बसेन, मास्क लावून, लांबून. पण बसेन. तुम्ही आत जेवा, मी बाहेर जेवेन. चालेल?"

"रोज कशा याल? खिरोद्याला दुपारनंतर बस नाही."

"मी सोडत जाईन यांना," लीलाधर म्हणाला.

बाईनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग डबा मांडीवर ठेवला, पिशवीतून फोन काढला आणि म्हणाली, "नंबर सांगा."

कुमुदताईंनी सांगितला. त्यानंतर लीलाधरनंही आपला सांगितला.